शिखरावरच्या वहीचे फाडलेले पान

मित्रांनो, मला हातात घेण्याआधी हात पुसा. तुमच्या बोटांना चीजचा वास येतो आहे, आणि मी जुनी असले तरी मानी वही आहे. वोल्फ्सकोगेल नावाच्या डोंगराच्या शिखरावर, क्रुसाच्या पायाशी ठोकलेल्या पत्र्याच्या पेटीत मी एकोणीस वर्षे काढली. आता चढणाऱ्यांच्या मुक्कामाच्या या डोंगरघराच्या कपाटात पत्त्यांच्या जोडाखाली पडून असते. गरम सूपचे भांडे ठेवायला काही सापडले नाही, की माझी आठवण होते.

माझा जन्म खालच्या गावात झाला. बांधणाऱ्याने माझ्या पाठीत जाड सुई खुपसून दोनशे पाने शिवली, मग दोन फळ्यांमध्ये घालून रात्रभर दाबून ठेवले. इतके हाल कशाला, असे मला वाटले होते. वर गेल्यावर कळले की तो माझे लाडच करत होता.

वर येणाऱ्या प्रत्येकाने माझ्यात चार गोष्टी लिहायच्या: नाव, तारीख, कोणत्या वाटेने आलो आणि कोणत्या वाटेने उतरणार. यातली शेवटची सगळ्यात मोलाची. कोणी घरी परतले नाही, तर शोधणारी माणसे आधी माझ्याकडे धावत. मी सांगेन तिकडे जात. तेव्हा हेलिकॉप्टर नव्हते, पायच होते.

'काय सुंदर शिखर आहे!' असे माझ्यात शेकडो जणांनी लिहिले आहे. लिहिणारे अर्ध्या तासात उतरून जात. मी मागे राही. पहिल्याच उन्हाळ्यात वीज पडली. आधी क्रूस गुणगुणू लागला, मग एका शिक्षकाच्या हातातली बर्फकुऱ्हाड गुणगुणू लागली आणि त्याचे केस ताठ उभे राहिले. तो कुऱ्हाड फेकून पळत सुटला. दुसऱ्याच क्षणी पेटीला भोक पडले आणि माझा कोपरा जळाला. तो अजून काळा आहे, बघा. पुढे आणखी दोनदा वीज पडली. एकदा क्रुसाचे तोंड कोणाच्या दरीकडे असावे, यावरून दोन गावांच्या लोकांनी एकमेकांची नाके फोडली. एकोणचाळिसाव्या पानावर तपकिरी डाग दिसतो ना, तो कॉफीचा नाही.

पण मला सांगायचे आहे ते फाडलेल्या पानाबद्दल.

नोटबुर्गा नावाची एक बाई वरच्या कुरणावर उन्हाळाभर गाई सांभाळायची आणि चीज करायची. सगळे तिला बुर्गल म्हणत. हात लोखंडासारखे, जीभ त्याहून धारदार. गावात कास्सियान नावाचा वाटाड्या होता. छातीवर वाटाड्याचा पितळी बिल्ला लावून तो पाहुण्यांना दोराने बांधून वर आणायचा. उत्तरेच्या कड्यावरून आपल्याशिवाय कोणी चढू शकत नाही, अशी त्याची घमेंड होती. एकदा खानावळीत भरल्या टेबलावर तो म्हणाला होता, "उत्तर कडा? बाईमाणसाने तो कुरणावरून बघावा. दूध काढता काढता."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी बुर्गल त्याच कड्यावरून एकटी वर आली. नखे फुटली होती, हनुवटीवरून रक्त वाहत होते, आणि ती हसत होती. तिने पेटी उघडली आणि माझ्यात लिहिले: 'नोटबुर्गा, वरच्या कुरणावरची. उत्तर कड्याने आले, एकटी, दोराशिवाय. पश्चिमेच्या घळीतून उतरणार. कास्सियान, तुझा दोर आता कपडे वाळत घालायला वापर.' मला इतका आनंद झाला, की माझी सगळी पाने वाऱ्यावर फडफडली. ती गेली.

अर्ध्या तासाने साध्या वाटेने कास्सियान आला. सोबत शहरातले एक जोडपे होते. त्याने मला उघडले, वाचले आणि त्याच्या मानेची शीर ताठ झाली. त्याने ते पान मुठीत धरून एका हिसक्यात उपटले. मला विजेने जाळले तेव्हाही इतके दुखले नव्हते. मग त्याने ते पिळून काडीने पेटवले आणि त्यावर आपला पाइप शिलगावला.

"अहो, काय होतं त्यात?" जोडप्यातल्या बाईंनी विचारले.

"शाई सांडली होती," कास्सियान म्हणाला. "चला, ढग येताहेत. शिखर पाहून झालं."

ढग आलेच. तासाभरात गारांनी पेटी बडवून काढली. मग वीज, आणि मग बर्फ. सगळ्या बाजूंनी दगड सुटून गडगडत खाली जात होते. पश्चिमेच्या घळीतून मला एकदा किंकाळी ऐकू आली. नंतर बराच वेळ कोणीतरी हाका मारत होते. मित्रांनो, वहीला तोंड नसते. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

पुढचे मला नंतर कळले, कारण क्रुसाखाली बसून शिदोरी खाताना माणसे फार बोलतात. रविवारी सकाळी गाईंचे हंबरणे गावापर्यंत पोहोचले. दोन वेळा धार निघाली नव्हती. बुर्गलचा भाऊ रोखुस, गावचा सुतार, धावत कुरणावर गेला. झोपडी रिकामी होती. शोधायला माणसे जमली, आणि त्यांचा म्होरक्या नेहमीप्रमाणे कास्सियान.

"आधी वही बघायला कुणाला तरी पाठवू," रोखुस म्हणाला.

"काल मीच वर होतो की," कास्सियान म्हणाला. "वहीत तिचं नाव नाही. म्हणजे ती वर पोहोचलीच नाही. उत्तर कड्याखाली शोधा."

ते खोटेही नव्हते. माझ्यात तिचे नाव नव्हतेच. माझा हवाला देऊन तो बोलला आणि सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला, याचा मला अजून संताप येतो. दिवसभर ती माणसे उत्तर कड्याखाली मरणाशी खेळत राहिली. वरून सुटलेल्या दगडाने गावच्या पाववाल्याचा खांदा मोडला. तिकडे पश्चिमेच्या घळीत बुर्गल दुपारपर्यंत ओरडत होती. मधे सगळा डोंगर होता.

सोमवारी सकाळी कास्सियान आणि रोखुस एकाच दोराला बांधून घेऊन उत्तर कडा चढत शोधत आले आणि माझ्यापाशी पोहोचले.

"कड्यावर नाही, पायथ्याला नाही," रोखुस धापा टाकत म्हणाला. "उडून गेली की काय?"

"चल खाली. पुन्हा बघू."

रोखुसने पेटी उघडली.

"अरे, त्यात काय बघतोस? नाव नाही म्हणून सांगितलं ना!"

सुताराची बोटे माझ्या शिवणीवरून फिरली आणि थांबली. "इथे पान होतं."

"जुनं असेल काहीतरी."

"सगळी पानं पिवळी पडलीयेत. हा फाटलेला काठ पांढरा आहे, कास्सियान." तो सावकाश उभा राहिला. "शनिवारी वर कोण होतं?"

 मग त्याचा पहिला ठोसा कास्सियानला बसला. त्याचे डोके क्रुसावर आपटले, दोन दात माझ्या उघड्या पेटीत पडले. दुसरा ठोसा, तिसरा. कास्सियानने हात वर केला नाही. रोखुसने त्याची गचांडी धरून त्याला कड्याच्या टोकापर्यंत फरफटत नेले. कास्सियानच्या टाचा हवेत होत्या. तो पडला असता तर दोराला बांधलेल्या रोखुसलाही सोबत घेऊन गेला असता, आणि रोखुसला ते चालले असते, असे मला वाटते.

"काय लिहिलं होतं? बोल!"

"पश्चिमेची घळ!" कास्सियान रक्त थुंकत ओरडला. "घळीतून उतरते म्हणून लिहिलं होतं. माझी चेष्टा केली होती रे तिनं. मला वाटलं, वादळ यायच्या आत पोचली असेल. मग सांगायची हिंमत झाली नाही."

"माझी बहीण तिथे दोन दिवस पडलीय."

"मला नंतर मार. पाहिजे तर जिवे मार. आधी घळ उतरू. तिथे दोर कुठे लावायचा ते मला ठाऊक आहे."

रोखुसने त्याला मागे ओढले. दोघे त्याच दोराला बांधलेले घळीत उतरले.

बुर्गल जिवंत सापडली. गुडघा फुटला होता आणि उजवा हात दगडाखाली होता. रविवारीच सोडवला असता तर हात धड राहिला असता, असे डॉक्टर म्हणाले. तीन बोटे कापावी लागली. उरलेल्या दोन बोटांनी गाईची धार निघत नाही. तिने कुरण सोडले. कास्सियानने बिल्ला परत केला. खानावळीत त्याच्या टेबलाशी कोणी बसेना.

तीन वर्षांनी, शिखरावरच्या वार्षिक प्रार्थनेला, सगळे गाव वर जमले होते. कास्सियान एकटाच मागे खडकाशी उभा होता. बुर्गल काठी टेकत, न वाकणारा पाय ओढत साध्या वाटेने वर आली. प्रार्थना संपल्यावर तिने मला पेटीतून काढले आणि त्याच्यासमोर धरले.

"लिही."

"काय लिहू?"

"फाडलंस ते. मला बोटं नाहीत."

"बुर्गल, मला आठवत नाही गं."

"शब्द न् शब्द आठवतोय तुला."

त्याने पेन्सिल घेतली. ती इतकी दाबली, की माझा कागद दोन ठिकाणी टोचला गेला. नाव लिहिले. कडा लिहिला. एकटी, दोराशिवाय. पश्चिमेच्या घळीतून उतरणार. तिथे तो थांबला.

"पुढचं?"

"तेही."

त्याने स्वतःचे नाव लिहिले, आणि त्यापुढे दोराचे ते वाक्य.

"आता मोठ्याने वाच," बुर्गल म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

त्याने वाचले. दोरावर कपडे वाळत घालण्याच्या त्या थट्टेवर तीन वर्षांपूर्वी सारे गाव पोट धरून हसले असते. त्या दिवशी कोणी हसले नाही. ज्याने माझे पान जाळले होते तो माझ्यावर कपाळ टेकून रडत होता, आणि बुर्गल त्याच्याकडे न बघता उतरायला लागली होती.

मित्रांनो, माझ्या कव्हरावर भांडी ठेवलीत तरी मी सोसेन. राग आला तर पेटीला लाथ घाला, तिला सवय आहे. पण डोंगरावर जिथे कुठे अशी वही भेटेल, तिथे उतरायची वाट नीट लिहा आणि दुसऱ्याचे पान फाडू नका. त्या पानावरचे माणूस अजून घरी पोहोचलेले नसते.