डाव्याची धार

"बाबा, बाळासाठी पाळणा तुम्ही कराल का?"

रुचिताच्या पत्रातली ती ओळ तलासरीच्या मैदानात शिरतानाही वासुदेवरावांच्या डोक्यात होती. फोनवर ते "बरं, बरं" यापलीकडे जात नसत, म्हणून लेकीने राजकोटहून मुद्दाम पत्र लिहिलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही. नाही म्हणवेना, हो म्हणायची छाती होईना. आता नात चालायला लागली होती.

डहाणू रोड स्टेशनच्या तिकीटखिडकीत त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर सुतारकामावरची मिळतील ती पुस्तकं त्यांनी वाचली, पण केलेलं प्रत्येक स्टूल डुलायचं. "लाकूडसुद्धा तुमच्याशी बोलत नाही," असं म्हणत त्यांची बायको जयमाला हसायची आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारायची. ती गेली. स्टूल डुलतच राहिलं.

हातअवजारांच्या या मेळाव्याला शेजारच्या दर्शनने त्यांना स्कूटरवरून आणलं होतं. त्याचं फर्निचरचं दुकान होतं.

"काका, आज नुसतं बघायचं नाही. थिअरी पुष्कळ झाली!"

आंब्याखाली सायवनचा चैत्या सुतार सागाचा ओंडका तासत होता. त्याची कुऱ्हाड एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने उतरती. त्यामुळे लाकूड भिंतीसारखं सरळ सुटत होतं.

"या मास्तर, हात लावा!"

"मी मास्तर नाही."

"चष्मा हाय ना? मंग मास्तरच."

वासुदेवरावांनी कुऱ्हाड उजव्या हातात घेतली. घाव घसरला. दुसराही. कुणीतरी गुजरातीत काहीतरी बोललं आणि हशा पिकला. ओंडका हलतोय असं वाटून चैत्याने खालून ठोकायला लाकडाची पाचर त्यांच्याकडे फेकली. कुऱ्हाड खाली ठेवलेली, दोन्ही हात मोकळे; त्यांनी ती डाव्याने झेलली.

चैत्या थांबला. "तुमी डावे?"

वासुदेवरावांनी हात मागे घेतला. लहानपणी त्या हाताने पाटीवर अक्षर काढलं की छडी बसे.

"नाही... म्हणजे, होतो."

"होतो? हाताची काय बदली झाली?"

या वेळी वासुदेवरावही हसले.

"घरी कोन बघत नसलं का डाव्यानंच मारता ना? आनि कुराड आत घुसते?"

त्यांनी मान हलवली.

"घुसनारच. घरची बी असलीच आसनार, उजव्याची धार. डाव्यानं धरली का सपाट बाजू उलटी पडते. तुमचा दोस नाय, लाकडाचा बी नाय. नवशे, तुजी कुराड आन गं!"

चैत्याची बायको नवशी डावखुरी होती. तिच्या कुऱ्हाडीची धार उलट्या बाजूने काढलेली होती.

"देते, पन इथंच वापरा," नवशी म्हणाली. "मागं यांच्या भावाला दिली, त्यानं चांगलं करतो म्हनून उजव्याची धार काडून आनली!"

पहिला घाव बिचकतच पडला. मग दुसरा, तिसरा. एक लांब, पातळ ढलपी सुटून त्यांच्या चपलेवर पडली. त्यांनी लाकडावर तळवा फिरवला. सपाट होतं. जयमालाला दाखवावं म्हणून त्यांनी मान वळवली. मागे दर्शन मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

"रुचिताताईला पाठवू, काका?"

"नको. मी लिहितो."

दुसऱ्या दिवशी ते लिहायला बसले. अक्षरं अंगणात पोरं धावावीत तशी कुठेही गेली, पण त्यांनी पेन उजव्या हातात घेतलं नाही. 'पाळण्याचं वय गेलं. जेवायला बसायला तिला पाट करतो. तुझ्या आईला जेवढा आवडायचा तेवढा रुंद.'

पोस्टातल्या निलमने पाकीट जवळ धरून पाहिलं.

"आजोबा, पत्ता नातवाने लिहिलाय का? पिनकोड लागत नाहीये."

"नाही. मीच."

त्यांनी एकेक आकडा सांगितला. तिने तो वर नीट लिहिला, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या गठ्ठ्यावर टाकलं.

"अजून काही?"

"नाही," वासुदेवराव म्हणाले, आणि गठ्ठ्यावरच्या आपल्या वाकड्या अक्षरांकडे बघत खिडकीसमोर थोडे थांबले.