शंभरावी केस

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजने सगळ्यांची मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली, आणि त्यांच्यासोबत हृदयंही. कारकुनाने पोच दिली. शंभर केसेसवर सर्जनची सही झाली की दोन्ही परत, म्हणाला.

तोवर प्रत्येकाच्या छातीला एकेक पंप जोडून दिला. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचं हृदय थांबवून मशीनने रक्त फिरवायचं, हेच तर शिकायला आले होते सगळे. वीज गेली की ते मशीन हाताने चालवावं लागतं, म्हणून सवयीसाठी यांच्या पंपांना नुसतं हँडल होतं. गोंदियाची कुमुद बोरकुटे महिन्याभरात एका हाताने हँडल फिरवत जेवायला शिकली. वेणी तेवढी जमेना. मग एक हात तिचा, एक खोलीतल्या नसीमचा, अशी दोघी मिळून वेणी घालायच्या.

नाखरे सर एकच गोष्ट घोकून घ्यायचे. "सर्जन बोलला की तेच मोठ्याने बोलायचं, मग करायचं. तो 'पंप बंद' म्हणाला नाही, तर रुग्ण उठून घरी गेला तरी फिरवत राहायचं."

"उठून कसा जाईल, सर?"

"तुझ्या हातून तर जाणारच नाही."

शंभरावी केस ज्याची त्याची असते. कुमुदच्या वेळी टेबल रिकामं होतं, कारण रुग्ण तीच, आणि ती स्टुलावर बसून हँडल फिरवत होती. तिचा दुसरा हात 'पंप बंद' म्हटल्यावर आवळायच्या नळीच्या चिमट्यावर होता. सर्जनने पोच पाहून हृदय बसवलं. ते दोनदा चाचरलं आणि चालू झालं. त्याने हातमोजे काढले आणि तो निघून गेला.

"सर, थांबवू पंप?" कुमुदने शेजारी उभ्या नाखरे सरांना विचारलं.

"तो म्हणाला का?"

"नाही."

"मग झालं तर. बोलावून आणतो त्याला." सर निघाले. चार दिवस त्यांची पाठ व्हरांड्यात लहान लहान होत गेली.

नसीम आपलं हँडल फिरवत आली. "अगं, सोड ना आता. आलंय ना परत?"

"सोडलं तर ही केस शंभरात धरत नाहीत. पुन्हा काढून घेतील."

पंप चालूच आहे हे एव्हाना हृदयाच्याही लक्षात आलं होतं. ते आधी एक ठोका गाळू लागलं, मग दोन.

"केस किती सुटलेत तुझे," नसीम म्हणाली. तिने एका हातात तीन पेड धरले आणि कुमुदच्या हाताची वाट पाहत उभी राहिली. दोन पेड पांढरे झाले होते. तिसरा होत होता.