आधी पाडस
आधी पाडस, मग आई. कोचेव्येच्या जंगलातल्या शिकारी मंडळात येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला लुडविक हे घोकायला लावायचा. हरिणी मारली आणि पाडस मागे राहिलं, तर कळप त्याला जवळ उभं करत नाही. ते बर्फात झुरून मरतं. म्हणून हरिणी एकटी दिसली तरी पाडस कुठे आहे का, हे डोळ्यांत तेल घालून बघत थांबायचं. घाई असेल त्याने घरी जाऊन बटाटे सोलावेत, असं तो म्हणे, आणि म्हाताऱ्याच्या तोंडी लागायची कुणाची हिंमत नसे.

त्याची मुलगी नेझ्का त्याच्याच हाताखाली शिकली. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर बंदूक तरी कपाटात ठेवा, असा तिने त्याच्यामागे लकडा लावला होता. 'हंगाम संपू दे' हे त्याचं पालुपद. बायको गेल्यापासून सकाळी उठायला त्याच्याकडे जंगलाखेरीज कारण उरलं नव्हतं. नेझ्काला ते कळत होतं, म्हणून तिनेही फार ताणलं नाही. दोघांचंही चुकलं ते इथेच.

नोव्हेंबरातल्या त्या कलत्या दुपारी मचाणासमोरच्या कुरणात एक हरिणी येऊन उभी राहिली. लुडविकने सगळं शिस्तीत केलं. ती आडवी उभी होती, मागे टेकडीचा भरभक्कम उतार होता. गोळी आरपार गेली तरी मातीतच रुतली असती. तरीही तो थांबला. थर्मासातला चहा पार गार झाला. कुरणात दुसरं काही हललेलं त्याला दिसलं नाही. वांझ असेल, असं त्याने मनाशी धरलं आणि चाप ओढला. हरिणी जागच्या जागी कोसळली. इतकी स्वच्छ गोळी त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती, आणि खरं सांगायचं तर म्हातारा मनातून सुखावलाही.

खाली जाऊन त्याने सवयीने तिच्या कासेला हात लावला. बोटांना कोमट दूध लागलं.

तो तिथेच गवतात बसला. मग त्याने नेझ्काला फोन केला.

"ये. हरिणी पाडलीय. दूध आहे तिला."

आपली बंदूक घेऊन नेझ्का आली आणि दोघं मचाणावर चढली. लुडविक हलक्या आवाजात सांगत राहिला, की आपण पुरेसे थांबलो होतो, नियम मोडला नाही, पाडस लांब मागे राहिलं असणार. आता ते आईला शोधत येईल, नेहमीच येतं, आणि आलं की त्यालाही मारावंच लागेल. नेझ्का समोर बघत होती.

"बाबा, ते इथेच आहे. त्या झुडपापाशी."

त्याने दुर्बीण लावली. तपकिरी झुडूप, तपकिरी गवत, सगळं एकमेकांत कालवलेलं.

"आत्ता आलं असेल," तो म्हणाला.

खोटं बोलावं असं नेझ्काला वाटलं असेल, पण त्यानेच तिला जंगलाबद्दल खोटं न बोलायला शिकवलं होतं.

"झुडपाखाली सगळीकडे हिवाचा पांढरा थर आहे. त्याच्या पायाशी तेवढा अंगाच्या उबेने वितळून काळा चट्टा पडलाय. दुपारपासून तिथेच बसून होतं ते."

लुडविकने दुर्बीण खाली ठेवली. म्हणजे तो थांबला होता तेव्हा पाडसही तिथेच होतं. तो चहा पीत होता तेव्हाही.

पाडस निघालं. आधी सरळ मचाणाच्याच दिशेने तोंड करून आलं. समोरून गोळी घालायची नाही, नेझ्का थांबली. मग टेकडीच्या माथ्याकडे पळालं आणि त्याच्यामागे नुसतं आभाळ राहिलं; ती पुन्हा थांबली. शेवटी ते आईपाशी आलं, नाकाने तिला ढोसू लागलं आणि आडवं उभं राहिलं.

"बाबा, तुम्ही बघू नका."

"मला दिसतच नाही गं, पोरी."

हे तो पहिल्यांदाच बोलला. नेझ्काने बाहीने डोळे पुसले, श्वास ठिकाणावर येऊ दिला आणि मगच चाप ओढला.

खाली उतरल्यावर लुडविकने टोपी काढली आणि फरच्या झाडाच्या दोन हिरव्या डहाळ्या मोडल्या. मेलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास ठेवल्याशिवाय इथे कुणी त्याला हात लावत नाही. पहिली त्याने हरिणीच्या ओठांत ठेवली. दुसरी घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि अंधारत चाललेल्या गवतात चाचपडू लागला. नेझ्काने त्याचं मनगट धरलं आणि हात हळूच पाडसाच्या मानेवर नेऊन ठेवला. मान अजून गरम होती.

"तोंड कुठल्या बाजूला आहे, सांग मला," तो म्हणाला.