खाज नोंदवायची राहिली

"बरोबरीत सुटलं, सर," फौजदारबाई म्हणाल्या.

"म्हणजे हरलो?"

"बरोबरीत म्हणजे बरोबरीत. पट्टावाल्यांनी पिळलं तेवढंच पाणी प्लास्टरवाल्यांनी पण पिळलं."

हातोडा डॉक्टरांचं तोंड असं झालं की दाराबाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनी आपापली हाडं चाचपून बघितली. डॉक्टर हाडांचे, आवाज घणाचा, त्यातून बोलता बोलता टेबलावर मूठ आपटायची सवय. हातोडा हे नाव कोणी पाडलं ते माहीत नाही, पण आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा शोभत होतं. फौजदारबाई हॉस्पिटलच्या संशोधन विभागात. त्यांच्यासमोर मोठमोठे सर्जन फाईल काखेत मारून शाळेतल्या पोरांसारखे उभे राहायचे.

भानगड अशी होती. मनगट मोडलं की सहा आठवडे प्लास्टर, हे डॉक्टरांना पटत नव्हतं. त्यांनी एक पट्टा काढला, घालता येतो, सोडता येतो. निम्म्या पेशंटांना प्लास्टर, निम्म्यांना पट्टा, कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. हाड जुळलं की प्रत्येकाने बादलीपाशी उभं राहून ओला टॉवेल पिळायचा आणि पाणी मापाच्या भांड्यात मोजायचं. जास्त पाणी म्हणजे जास्त ताकद. व्यायामाच्या खोलीला वर्षभर धोबीघाटाचा वास येत होता.

आता माणसांवर असली चाचणी करायची तर मनाला येईल तशी करता येत नाही. सुरू करायच्या आधी नोंदणी लागते, सगळ्या जगाला दिसेल अशा साईटवर. काय करणार, कोणावर करणार, आणि जमलं की नाही ते शेवटी कशावरून ठरवणार. आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर पोहण्याची शर्यत हरलेला माणूस ओल्या अंगाने बाहेर येतो आणि सांगतो, मी तर आंघोळीलाच गेलो होतो.

डॉक्टरांनी नोंदणीत छातीठोकपणे टॉवेल लिहिला होता. टॉवेलने दगा दिला.

"पण खाज," डॉक्टर म्हणाले. "खाजेचं बघितलंत का?"

बघितलं होतं. प्लास्टरवाले खाजेने वेडे झाले होते. विणायच्या सुया, फूटपट्ट्या, चमचे, जे हाताला लागेल ते आत घातलेलं. एका वकिलाने टूथब्रश घातला तो आतच राहिला, प्लास्टर कापलं तेव्हा निघाला. पट्टावाले मात्र पट्टा सोडायचे, डोळे मिटून मनसोक्त खाजवायचे आणि परत बांधायचे. तोंडावर असं सुख की लॉटरी लागली असावी.

"आपण नोंदणीत टॉवेलच्या जागी खाज मुख्य करू," डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचा हळू आवाज औषधाच्या काउंटरपर्यंत गेला.

"करा की. बदलता येतं."

"खरंच?"

"येतं ना. साईटवर नवं वर दिसतं. जुनं खाली दिसतं, तारखेसकट. म्हणजे टॉवेल हरल्यावर तुम्हाला खाज आठवली हे पण दिसतं."

"एवढं खाली जाऊन बघतो कोण?"

कोण बघतो ते डॉक्टरांना चांगलं माहीत होतं. मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, दुसऱ्या हॉस्पिटलात हाडांचाच डॉक्टर, हाडाचा प्लास्टरवाला. सासरी जेवताना भरल्या ताटावर डॉक्टर बोलून गेले होते, "तुझं प्लास्टर आता म्युझियममध्ये नेऊन ठेव." मेव्हणा म्हणाला, "दाजी, जिंकलात तर माझ्या प्लास्टर रूमच्या दारावर तुमचा फोटो लावतो, हार घालून. पण हरलात तर हाडवाल्यांच्या परिषदेत सगळ्यांसमोर हरलो म्हणायचं." सासऱ्यांसमोर हातावर हात मारून झालं होतं. आता पळायला वाट नव्हती.

परिषदेच्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी चहा ढोसत बायकोला भाषण म्हणून दाखवलं. खाज, खाज आणि खाज. तिने मध्येच विचारलं, "अहो, आणि टॉवेल?"

"आहे की. शेवटून दुसऱ्या स्लाईडवर."

"मला दिसला नाही."

"अक्षर जरा बारीक आहे."

"माझा भाऊ चष्मा लावतो, आंधळा नाहीये."

"अगं, तो माझी वरात काढेल."

"काढू दे. हरलो म्हणालात तर एक दिवस हसेल. लपवाछपवी करताना धरलं तर नातवंडांना सांगून हसेल. मी त्याला दुपट्यात असल्यापासून ओळखते."

निघताना डॉक्टरांनी पेनड्राइव्हवर दोन भाषणं घेतली, एक खाजेचं आणि एक टॉवेलचं. हाडांचा डॉक्टर असला तरी माणूस कधीकधी कण्याचा कच्चा निघतो.

हॉल गच्च भरलेला. एसी इतका थंड की म्हातारे सर्जन टेबलावरचे रुमाल गळ्याभोवती गुंडाळून बसलेले. डॉक्टर स्टेजवर चढले. कॉम्प्युटरवाल्याने विचारलं, "सर, यात दोन दिसतायत. कोणतं लावू?"

डॉक्टरांनी पहिल्या रांगेत बघितलं. मेव्हणा अगदी मधोमध बसला होता. मान मागे, तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गाढ झोपला होता.

डॉक्टरांना आधी सुटल्यासारखं झालं. मैदान मोकळं. खाज लावा, टाळ्या घ्या, घरी जा. बाकीच्या लोकांना काय पडलंय, त्यांचं लक्ष जेवणाच्या दाराकडे.

मग त्यांचं टाळकं सरकलं. ज्याच्यापायी महिनाभर अन्न गोड लागलं नाही, तो इथे घोरतोय? आपण कबूल केलं होतं सगळ्यांसमोर हरू, आणि हा बघणार पण नाही?

"टॉवेल लावा," ते म्हणाले आणि माइकशेजारी अशी मूठ आपटली की पाण्याच्या बाटल्या आडव्या झाल्या. मेव्हणा दचकून उठला, चष्मा खाली पडला.

"झाली झोप? मग ऐका," डॉक्टर म्हणाले. "आम्ही आधी नोंदवलं होतं की पट्टावाले जास्त पिळतील. नाही पिळलं. तेवढंच पिळलं. मी मोठ्या तोंडाने बोललो होतो ते खोटं ठरलं."

रुमाल गुंडाळलेले म्हातारे सर्जन खुर्चीत पुढे सरकले. असल्या स्टेजवरून कोणी असं बोलतच नाही. मग डॉक्टरांनी खाजेचं पण सांगितलं, टूथब्रशसकट, आणि लोक पोट धरून हसले. "पण हे आम्ही आधी ठरवलं नव्हतं," ते म्हणाले, "म्हणून याला जिंकणं म्हणायचं नाही. नुसता संशय आहे."

मेव्हणा उभा राहिला. डॉक्टरांनी मनातल्या मनात डोळे मिटून घेतले.

"खाज मोजली कशी?"

"विचारून."

"म्हणजे मोजली नाही."

"नाही मोजली."

"बरं," म्हणून मेव्हणा खाली बसला आणि चष्मा शोधायला लागला.

जेवणाच्या रांगेत तो मागून येऊन चिकटला. "दाजी, फोटो काय लावत नाही मी."

"कोणी मागितलाय?"

"पण आमच्याकडे पोरांची मनगटं रोज येतात. प्लास्टर घातलं की चौथ्या दिवशी आया भांडायला हजर. परवा एकाने आत वाळू ओतली, खाज थांबेल म्हणून." तो ताटाकडे बघत म्हणाला, "खाजेचीच चाचणी करू. दोघं मिळून. पण आधी नोंदवायची."

"ते तू मला शिकवू नकोस."

फौजदारबाई दोघांच्या पाठीमागे ताट घेऊन उभ्याच होत्या. "कशावरून ठरवणार ते आत्ताच सांगा," त्या म्हणाल्या.

"दिवसातून किती वेळा खाजवलं त्यावरून," डॉक्टर म्हणाले.

"पट्टावाला मजा म्हणून पण खाजवतो दाजी. तुमचेच पेशंट हरतील. झोप किती वेळा मोडली ते धरा."

"झोपेचं तू बोलूच नकोस."

मागची रांग ओरडायला लागली तसे तिघं ताटं घेऊन भिंतीकडे सरकले. डॉक्टरांचा फोन वाजला, बायकोचा.

"काय झालं? हसला का तो?"

"नंतर फोन करतो गं," डॉक्टर म्हणाले, "तुझा भाऊ चुकीचं नोंदवायला निघालाय."