आडवं पडून पाहिलेली गाडी

कातळघर ग्रामस्थ मंडळाने गावासाठी जीपगाडी घ्यायचं ठरवलं आणि ती पसंत करायला दोघांची नेमणूक केली. दोघांनी नारळ घेतला, कुंकू घेतलं, उदबत्तीचा पुडा घेतला. गाडीतलं काही कळणारा माणूस घ्यायचं तेवढं राहून गेलं. लालबागहून निघता निघता ते शामरावांच्या ध्यानात आलं, म्हणून ते वाट वाकडी करून घोडपदेवला कोंडीरामच्या खोलीवर गेले.

शामराव मंडळाचे चिटणीस, गिरणीत हजेरी-कारकून. दोन वर्षांपूर्वी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या जानेवारीच्या गोळीबारात, त्यांच्या धाकट्या भावाला, जयवंताला, मांडीत गोळी लागली होती. कोंडीराम तेव्हा भायखळ्याच्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. गॅरेजची गाडी न विचारता बाहेर काढून त्याने जयवंताला इस्पितळात नेलं, खड्डे चुकवत, इतकं सांभाळून की नंतर जयवंत सांगायचा, वाटेत रक्त गेलं पण जीव हलला नाही. तेव्हापासून शामराव कोंडीरामकडे येत आणि घरात बसून चहा घेत.

कोंडीराम कातळघरचाच, पण या मंडळात नव्हता. तो पऱ्यापलीकडच्या बौद्धवाडीतला. पऱ्या म्हणजे गावातून वाहणारा ओढा. उन्हाळ्यात घोटाभर, पावसाळ्यात गुडघाभर, पूर आला की छातीभर. देऊळ आणि वरच्या वाड्या अलीकडे, बौद्धवाडी पलीकडे. त्या वाडीच्या माणसांचं मंडळ वरळीच्या चाळीत वेगळं होतं. गाव एक आणि मंडळं दोन, याचं कोणाला काही वाटत नसे. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात दोन्ही मंडळांची माणसं एका रांगेत घोषणा देत चालत, मोर्चा संपला की आपापल्या मंडळाकडे वळत.

कोंडीरामने शामरावांचं म्हणणं ऐकून घेतलं. गावातून तालुक्याच्या दवाखान्यात रोगी न्यायला गाडी हवी होती. लढाईत तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर जीप चालवायचा. जंगलातून जखमी सोल्जर मागे आणायचा. या कामातलं त्याच्याइतकं कातळघरात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. त्याने सदरा चढवला. दाराशी येऊन पाहतो तो खाली कुशाबा उभे.

मंडळाने नेमलेला दुसरा माणूस कुशाबा आहे हे शामरावांनी सांगितलं नव्हतं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नसावं. कुशाबा गावचे मानकरी, पासष्टीचे. आता मुलाकडे लालबागला राहायचे. कोंडीरामच्या मनात आलं, डोकं दुखतंय म्हणावं आणि परत फिरावं. नऊ वर्षं तो या माणसाच्या समोर आला नव्हता. पण गाडी गावाला जाणार होती, आणि गावात पऱ्यापलीकडे त्याची आई होती, भाऊ आनंदा होता, चाळीस घरं होती. तो जिना उतरला.

गिरगावात गाड्यांचं दुकान होतं. तिथला विक्रेता हेमचंद्र मोठा गोड बोलणारा, पुणेरी वळणाचा. त्याने दोन जीपगाड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या. गाड्या सारख्याच, फरक टायरचा. एकीला रस्त्याचे टायर, बारीक नक्षीचे. दुसरीला चिखलाचे टायर, बोटाचं पेर आत जाईल एवढ्या खोल खाचांचे. ऑर्डर दिल्यावर गाडी यायला काही महिने लागत, म्हणून टायर आधीच ठरवून लिहून द्यायचे होते. एकदा लिहिलं की बदल नाही, असं हेमचंद्रने दोनदा सांगितलं.

शामरावांनी दोन्ही गाड्यांना कुंकू लावलं. घ्यायची एकच होती, पण दुसरीला वाईट वाटायला नको. मग कुशाबा पहिल्या गाडीत पुढे बसले, नारळ मांडीवर. हेमचंद्रने चौपाटीपर्यंत फेरी मारून आणली. गाडी डांबरावरून अशी गेली की नारळ जागचा हलला नाही. दुसऱ्या गाडीत मात्र टायरांची घरघर सुरू झाली, सगळं अंग बारीक थरथरायला लागलं आणि कुशाबांना बोलता येईना. उतरल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि पहिलीच गाडी बरी असा निकाल दिला. शामरावांनी मान डोलावली आणि खिशातून पेन काढलं. पुढच्या सीटवर बसून, डांबरावर, अर्ध्या तासात रोग्याची गाडी पसंत झाली होती.

तेव्हा कोंडीराम म्हणाला, "गाडी कशी चालते ते बसलेल्याला विचारून कळत नाही. मागं आडवं पडलेल्याला विचारायचं. मला झोपून बघू द्या."

दोन्ही गाड्या वडाळ्याच्या मिठागरांकडे न्यायचं ठरलं. तिथे डांबर संपतं, खडबडीत वाट लागते आणि पुढे खाजणाचा, भरतीच्या पाण्याचा चिखल. दुकानाचा ड्रायव्हर चिखलाच्या टायरची गाडी घेऊन पुढे गेला. कोंडीराम रस्त्याच्या टायरच्या गाडीत, हेमचंद्रच्या मागे, फळीवर उताणा झोपला. पाय पुरेनात म्हणून मागचं फळकूट पाडलं. लालबागवरून जाताना भिंतींवरच्या गेरूच्या घोषणा त्याला उलट्या दिसत होत्या. परळच्या नाक्यावर ट्रामचे रूळ आले. बसलेल्यांना ते कळलेही नाहीत, त्याला मात्र पाठीच्या मणक्यामणक्यात कळले. बसलेला माणूस धक्का आला की पाय रोवतो, कंबर उचलतो. झोपलेल्याला ते करता येत नाही. धक्का सगळाच्या सगळा त्याचा असतो.

मिठागरापाशी पोचल्यावर गाड्या बदलून तो चिखलाच्या टायरच्या गाडीत झोपला आणि त्याच खडबडीत वाटेवर एक फेरी करवून घेतली. उठून बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. खरं काय ते त्याला कळलं होतं आणि ते त्याच्या वाडीच्या सोयीचं नव्हतं, कारण पऱ्या ओलांडून वाडीत जायला चिखलाचेच टायर हवे होते. चिखलाचे टायर झोपलेल्या माणसाला जास्त हाणत होते. हे कळणारा इथे तो एकटा होता. उलट सांगितलं असतं तरी कोणी हरकत घेतली नसती. क्षणभर तसं सांगावं असं त्याला फार वाटलं. पण या कामात त्याने कधी कोणाला फसवलं नव्हतं. आघाडीवर जखमी माणूस विचारायचा, अजून किती लांब, तेव्हाही तो खरं तेच सांगायचा.

म्हणून त्याने शामरावांना सरळ सांगितलं, की नुसत्या रस्त्यावर चालवायची असेल तर पहिली गाडी रोग्याला सुखाची. शामराव म्हणाले, मग झालं की. कोंडीराम म्हणाला, झालं नाही, आणि त्याने ती पहिली गाडी खाजणाच्या चिखलात घालायला लावली. दहा पावलांत चाकं जागच्या जागी फिरू लागली. चिखल उडून हेमचंद्रच्या इस्त्रीच्या पँटवर बसला आणि त्याच्या बोलण्यातला गोडवा जरा कमी झाला. ड्रायव्हर आणि शामराव खाली उतरून ढकलू लागले तेव्हा कुठे ती निघाली. मग कोंडीरामने दुसरी गाडी स्वतः घेतली. ती त्याच चिखलातून सावकाश, कुठे न अडता, पलीकडे गेली आणि परत आली.

एवढ्यावर तो थांबला नाही. चारही चाकांजवळ बसून त्याने काडीने व्हॉल्व्ह दाबून थोडी थोडी हवा सोडली. टायर हाताने चेपून पाही, पुन्हा थोडी सोडी. मग ड्रायव्हरला हळू चालवायला सांगून खडबडीत वाटेवर परत आडवा झाला. आता गाडी बरीच मऊ चालत होती. त्याने शामरावांना समजावलं: पऱ्यातून आणि कच्च्या वाटेने जाताना हवा कमी करायची, पक्का रस्ता लागला की पंपाने भरायची. टायर लवकर झिजतील, पण रोगी शाबूत पोचेल. हे सगळं जमणारा माणूस मात्र गाडीवर हवा.

शामरावांनी कपाळावरचा घाम पुसला. मनाने सरळ माणूस. त्यांनी सरळच विचारलं, की एवढा खटाटोप कशाला? रस्ता देवळापर्यंत आहे, गाडी देवळापाशी उभी राहील. पऱ्यापलीकडचा रोगी देवळापर्यंत आणला की पुढे गाडी आहेच.

"कशातून आणायचा?" कोंडीरामने विचारलं.

"डोली आहे की देवळात."

कोंडीराम शामरावांकडे पाहत नव्हता. तो कुशाबांकडे पाहत होता. ते नारळ मांडीवर घेऊन चिखलाच्या टायरच्या गाडीत पुढे बसले होते.

"आहे," तो म्हणाला. "माझ्या मालनला ती मिळाली नव्हती."

मग त्याने ते सांगितलं. आवाज चढवला नाही. नऊ वर्षांपूर्वीचा श्रावण होता. मालन, त्याची बायको, दोन दिवस अडली होती. पऱ्याला पूर होता. आनंदा पोहून अलीकडे आला आणि देवळाच्या आवारात उभा राहून त्याने डोली मागितली. डोलीला उंच दांडा असतो, चौघांच्या खांद्यावर पाण्याच्या वरून माणूस नेता येतो. डोली खोलीत होती, खोलीला कुलूप होतं, किल्ली कुशाबांकडे होती. कुशाबांनी सांगितलं, डोली बाटेल. आनंदा तसाच परत गेला. मग वाडीच्या माणसांनी तिला बाजेवर घातलं. बाज सहा जणांनी धरली तरी मध्यावर पाण्याने एक अंग उचललं. मालन बाजेवरून पडली नाही, कोंडीरामने तिला धरलं होतं. पण पाणी तिच्या तोंडापर्यंत आलं आणि अलीकडच्या काठाला लागेतो ती गेली होती. मूलही पोटातच गेलं. देऊळ तिथून दिसत होतं.

शामरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. हेमचंद्र गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

कुशाबांनी नाही म्हटलं नाही. मला आठवत नाही असंही म्हटलं नाही, आणि कोंडीराम नऊ वर्षं नेमकी त्याच उत्तराची वाट बघत होता. त्यावर काय बोलायचं ते त्याने कितीदा घोकून ठेवलं होतं. कुशाबांनी मांडीवरचा नारळ सीटवर ठेवला. धोतर सावरलं आणि ते गाडीच्या मागे जाऊन फळीवर चढले. पासष्टीचा माणूस, दोनदा गुडघा घसरला. मग ते उताणे झोपले.

"चालव," ते म्हणाले.

कोंडीराम चाकामागे बसला. परतीच्या डांबरासाठी टायरांत भराभर हवा भरायला ड्रायव्हरने पंप काढला होता. त्याला कुशाबांनी थांबवलं नाही आणि कोंडीरामनेही नाही. टायर कडक झाले तसे त्याने गाडी खडबडीत वाटेवर घातली. मनात आणलं असतं तर त्या माणसाची हाडं खिळखिळी करता आली असती, आणि मनात आलंही. पण पाठीमागे माणूस आडवा होता आणि त्याच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. त्याने खड्डे चुकवले. तरी जे चुकत नव्हते ते बसतच होते. मागून आवाज येत नव्हता. वाटेच्या टोकाला जाऊन त्याने गाडी वळवली आणि परत आणली.

कुशाबांना एकट्याने उठता येईना. त्यांनी हात पुढे केला. गावात या हाताने कधी त्याच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून टाकलं नव्हतं. कोंडीरामने हात धरून त्यांना बसतं केलं.

"मी चांगला धडधाकट," कुशाबा म्हणाले, "अन् मला सोसवना. तिनं कसं काढलं असंल रे." मग त्यांनी विचारलं, "ती काय बोलली?"

"पाणी नाकात गेलं होतं. बोलायचं राहिलंच."

चूक झाली, असं कुशाबा म्हणाले नाहीत. त्या पिढीच्या तोंडात तो शब्द बसत नसे. कोंडीरामनेही माफ केलं नाही. त्याला वाटायचं, हे कधीतरी बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. नुसतं दुखत राहिलं.

दुकानात परत येईतो दुपार झाली. हेमचंद्रने फॉर्म पुढे ठेवला. शामरावांनी पेन हातात घेऊन कुशाबांकडे पाहिलं. कुशाबांनी सांगितलं, चिखलाचे टायर लिही. आणि हातपंप बरोबर मागून घे. शामरावांनी लिहिलं. मग त्यांनी आठवण करून दिली, की गाडी चालवायला कुशाबांच्या पुतण्याला शिकवायचं मंडळात ठरलं होतं, किल्ली देवळात ठेवायची होती, तर हे हवेचंही त्यालाच शिकवायला हवं.

"त्याला नाय जमायचं हवेचं," कुशाबा म्हणाले. "आनंदा ठेकेदाराचा ट्रक चालवतो नव्हं? त्याला दे. किल्ली त्याच्याच घरी ऱ्हाऊ दे, पलीकडं. मंडळात मी बोलतो."

शामराव लिहायचे थांबले. ज्या आनंदाला देवळाच्या आवारातून परत पाठवलं, त्याच आनंदाचं नाव होतं. कोंडीरामने टेबलाची कड धरली.

कुशाबा त्याच्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला होता, मागणाऱ्याचा येतो तसा.

"रात्री-अपरात्री आमचं माणूस मागाय आलं," त्यांनी विचारलं, "तर आनंदा देईल नव्हं?"

नऊ वर्षं घोकून ठेवलेलं सगळं कोंडीरामच्या ओठांवर आलं. मालन त्याच्या डोळ्यांपुढे आली, ओली, बाजेवर. तिच्याकडे बघतच तो बोलला.

"मागावं लागणार नाही. हाक मारली की आनंदा येईल."