गडगा कुणी रचला

ओमानातल्या इब्री गावाच्या अलीकडे एक डोंगर कापून नव्या बंगल्यांसाठी जागा सपाट करायचं काम चाललं होतं. तिथले फोरमन बाबामियाँ मूळचे मंडणगडकडचे. पंचवीस वर्षं इथेच काढलेली, आणि बढाई मारण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या कॅम्पात कुणी नाही. पण त्या रविवारी सकाळी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शनिवारी गावी त्यांच्या धाकट्या निदाचा निकाह होता, गुरुवारचं विमानाचं तिकीट खिशात होतं, आणि मॅनेजरने बजावलं होतं, "इन्स्पेक्टरने काम पास करेपर्यंत कुणाचीही सुट्टी नाही."

इन्स्पेक्टरला पाहायचं होतं काळ्या कापडाचं कुंपण. उकरलेली माती पावसाबरोबर खालच्या वादीत, म्हणजे एरवी कोरड्या पण एका पावसात खवळणाऱ्या ओढ्यात, जाता कामा नये. म्हणून उताराच्या पायथ्याशी चारशे मीटर कापड खुंट्यांवर ताणायचं आणि त्याची खालची कड जमिनीत पुरायची, असा नियम. कागदावर चारशे मीटर होतं. जमिनीवर होतं चाळीस. बाकीचं बाबामियाँनीच उन्हाळाभर दिलदारपणे वाटून टाकलं होतं. भटारखान्यावर सावलीला, ड्रायव्हर लोकांच्या गाड्यांवर सावलीला, आणि एक लांबलचक तुकडा क्रिकेटच्या पिचवर अंथरायला. "कापड पडून रहातंय, कुणाच्या तरी डोक्यावर तरी येऊ दे," असं म्हणत प्रत्येकाकडून त्यांनी दुवाही घेतली होती.

"आता काय करायचं, चाचा?" पिकअप चालवणाऱ्या झुबेरने, त्यांच्या पुतण्याने, विचारलं.

"करायचं काय? चाळीस मीटर हाय ना? तेवढंच तीनदा दाखवायचं."

बेत साधा होता. गाडीचा रस्ता कुंपणाच्या रेषेला तीनच वळणांवर भिडत होता. ओमानी माणसाला काव्हा, म्हणजे त्यांची वेलचीची कॉफी, पाजल्याशिवाय कामाचं बोलायचं नसतं, आणि तो आपला पेला हलवून 'पुरे' सांगत नाही तोवर त्यात ओततच राहायचं असतं. पहिल्या वळणावर कुंपण दाखवायचं, इन्स्पेक्टरला डोंगराआड तंबूत नेऊन काव्हा नि खजूर पुढे करायचे, तेवढ्या वेळात झुबेरने माणसं घेऊन तेच कुंपण उपटायचं आणि पुढच्या वळणावर ठोकायचं. मग पुन्हा काव्हा.

इन्स्पेक्टर खल्फानसाहेब आले. पिकलेली दाढी, पांढरी स्वच्छ पायघोळ दिश्दाशा, आणि आखातात तीन पिढ्या राहिलेल्या माणसांकडून शिकलेली झकास हिंदी. पहिल्या वळणावर त्यांनी कापडाला हात लावून पाहिला आणि मान डोलावली. तंबूत चार पेले रिचवले, घरच्यांची खुशाली विचारली, निदाच्या निकाहाचंही ऐकून घेतलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा मान डोलावली, पुन्हा चार पेले. इकडे झुबेरच्या माणसांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. तिसऱ्या वळणावर मात्र खल्फानसाहेब वाकले, कापडाच्या शिवणीत अडकलेलं एक निळं पेन काढलं आणि खिशाला लावलं.

"पहिल्या वळणावर मीच खोचलं होतं," ते गोड आवाजात म्हणाले. "तुमचं कुंपण माझ्या गाडीपेक्षा जोरात पळतं हो."

बाबामियाँनी घाईघाईने पुन्हा तंबूकडे हात केला.

खल्फानसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी फक्त खाली बोट दाखवलं. वादीच्या काठाने खजुराच्या बागा होत्या, आणि त्यांना पाणी नेणारा फलज, दगडी पाट. "गेल्या पावसात तुमच्या मातीने तो बुजला. माझा म्हातारा चुलता फावडं घेऊन आठवडाभर आत उभा होता. बुधवारी येतो मी. कापड नसेल तर दगड लावा, नियमात तेही चालतं. नाहीतर काम बंद."

चुलत्याचं ऐकून बाबामियाँना खरोखर लाज वाटली. कापडाच्या वाटपात त्यांना मिळालेल्या दुवा एकदम पोकळ वाटायला लागल्या.

दगड म्हटल्यावर मात्र त्यांचे हात शिवशिवले. डोंगर फोडून निघालेला दगड ढिगाने पडला होता. गावी वडिलांबरोबर आंब्याच्या कलमांभोवती त्यांनी किती गडगे रचले होते, चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगडाची ओळख पटवून. तीन दिवस सगळे गडी हाताशी घेऊन ते स्वतः उन्हात वाकून उभे राहिले. मोठा दगड खाली, त्याचं तोंड आत, फटीत दगडाची चिप, आणि आतल्या बाजूने भटारखान्यावरून उतरवलेलं कापड. भटारी चिडला, पण गडगा उभा राहिला.

मंगळवारी झुबेर धावत आला. "चाचा, घात झाला! पलीकडच्या रस्त्याच्या कामावर खल्फानसाहेबांना तिथला बांध लय आवडला. तर देखभालीला म्हणून बांधणाऱ्याचं नावच लिवलं कागदावर. पावसाचे दिवस संपेपर्यंत तो माणूस तिथून हलायचा नाय म्हणे!"

बाबामियाँ मटकन दगडावर बसले. वाईट बांधला तर काम बंद, चांगला बांधला तर आपण बंद.

बुधवारी अल् घुब्राच्या हेड ऑफिसातून निशांत आला. पुण्याचा इंजिनियर, नकाशे त्याचे, बूट चकचकीत. गडगा पाहून त्याने लगेच फोटो काढले. "बाबामियाँ, हे तर फारच भारी झालंय!"

"तुमचंच डोकं, साहेब. नकाशा तुमचा. आम्ही नुसते हमाल."

निशांतला हे पटायला अजिबात वेळ लागला नाही.

खल्फानसाहेबांनी पाण्याचा टँकर उतारावर रिकामा करवला. गढूळ लोंढा गडग्याला येऊन टेकला, थबकला, आणि पलीकडून नितळ पाणी झिरपू लागलं. त्यांनी कागद काढला. "कुणी रचला?"

सगळ्या गड्यांनी बाबामियाँकडे पाहिलं. बाबामियाँनी आकाशाकडे पाहिलं. उभ्या जन्मात खोट्या बढाया मारल्या, आणि एक खरी मारायची वेळ आली तर दातांखाली जीभ!

"मी," निशांत म्हणाला. "म्हणजे, कन्सेप्ट माझी."

"माशाल्ला. मग पावसाचे दिवस संपेपर्यंत तुम्ही इथेच. सुट्टी नाही."

निशांतचा चेहरा पडला. दिवाळीला बायकोला, देविकाला, घेऊन पुण्याला जायचं ठरलं होतं. खल्फानसाहेबांनी वरचा एक सुटा दगड त्याच्या हातात दिला. "हा बसवून दाखवा."

निशांतने तो ठेवला. दगड गडगडत त्याच्या बुटांवर आला. उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो ठेवत असताना बाबामियाँना राहवलंच नाही. पुढे होऊन त्यांनी दगड हिसकावला, उलटा केला, तोंड आत, वरून तळहाताचा एक दणका. दगड बसला. बसला म्हणजे असा, की बैलाने ओढला तरी निघू नये.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. हात दगडावरच राहिला.

खल्फानसाहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि पेन खिशाला लावलं.

"काम पास. पण इंजिनियरला शिकायला वेळ लागेल," ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत शिकव त्याला. मग जा, मुलीचा निकाह आहे ना तुझ्या. परत आलास की तुझं नाव लिहितो."