भाजणाऱ्याचा घास

"ताई, यादीतलं चौथं नाव खोडा," आगटीवरची नजर न काढता धोंडीरामकाका म्हणाले.

मी सोबती सेवा क्लबची सचिव. सचिव म्हणजे काय, तर अध्यक्षांनी ठरवायचं आणि मी लिहायचं. एरवी आष्टीत माझं औषधांचं दुकान आहे. दर जानेवारीत गावाबाहेर, आमचे अध्यक्ष परमेश्वरराव यांच्या शेतात क्लबचा हुरडा मेळावा भरतो. लोक तिकीट काढून येतात, पोटभर हुरडा खातात आणि जमलेल्या पैशातून गरजूंच्या औषधपाण्याला मदत होते. मदतीची पाकिटं त्याच दिवशी स्टेजवर वाटायची, फोटो काढायचा, हा आमचा शिरस्ता. नावं मी वाचायची.

धोंडीरामकाका शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. एकोणीस वर्षं मेळाव्याचा हुरडा त्यांनीच भाजला. पहाटे येऊन जमिनीत खड्डा घ्यायचा, गोवऱ्यांचा विस्तव करून आगटी पेटवायची, त्यात ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची. मग निखाऱ्यातून काढलेलं गरम कणीस दोन्ही तळहातांत चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. त्यांच्या हातच्या हुरड्यात कोंड्याचं एक कुसळ सापडायचं नाही. दिवस संपेपर्यंत तळहात काळेठिक्कर पडायचे. स्टेजवर मात्र ते कधी चढले नव्हते. कोणी चढवलंही नव्हतं.

चौथं नाव होतं अजमतबीचं. खाजामियाँची बायको. दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा नगरला नेऊन रक्त शुद्ध करून आणायचं. दवाखान्याचा खर्च सरकारी योजनेत बसला होता, पण गाडीभाडं आणि महागाची इंजेक्शनं बसत नव्हती. त्या आठवड्यातली एक फेरी चुकली होती आणि तिचे पाय सुजून आले होते. तिला उभं राहवत नव्हतं, म्हणून पाकीट घ्यायला खाजामियाँनी यायचं ठरलं होतं.

"का खोडू?" मी विचारलं.

"सकाळी यासीन येऊन गेला. बाप म्हनतोय, स्टेजवर चढायचं आसंल तर मदत नको."

यासीन हा खाजामियाँचा मुलगा. बापाची फळांची अडत बुडाल्यावर तो हातगाडीवर केळी विकत होता. दोन वर्षांपूर्वी लकव्याने खाजामियाँची डावी बाजू गेली आणि पाठोपाठ धंदाही गेला. त्याआधी तोच माणूस मेळाव्याच्या पहिल्या रांगेत बसायचा. मेळाव्याची सुरुवात हुरड्याच्या पहिल्या ताटाच्या लिलावाने होते, आणि ते ताट बहुतेक वर्षी खाजामियाँच घ्यायचे. घ्यायचे आणि स्वतः खायचे नाहीत. ताट घेऊन थेट आगटीपाशी यायचे, पांढऱ्या पायजम्याची पर्वा न करता उकिडवे बसायचे आणि एक मूठ काकांच्या तोंडापुढे धरायचे. "पहिला घास भाजणाऱ्याचा. खा बे."

भाजणारा माणूस पहाटेपासून उपाशी असतो, हे आम्हा साठ-सत्तर सदस्यांपैकी एकाच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

मी अध्यक्षांकडे गेले. परमेश्वरराव वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. त्यांनी मान डोलावली, चुकचुकले, आणि म्हणाले, "ताई, मला कळत न्हाई का? पन फोटो न्हाई निघाला तर फुडच्या साली देनगीदार मला इचारतेत, पाकीट गेलं कुठं. एकाला सूट दिली की सगळेच मागतील."

परत आले तर काका कणसं फिरवत होते. मी काही बोलायच्या आतच त्यांना उत्तर कळलं.

"मग माझं नाव टाका."

"तुमचं? तुम्हाला काय झालंय?"

"मला काय व्हायचंय. पाकीट कुनाच्या हातात पडतंय, ह्यानं भाभीच्या रगताला काय फरक पडतो? तुमच्याकडंच ठिवा. यासीनला गाडीला देत जा, इंजेक्शनं दुकानातून द्या. बापाला सांग म्हनावं, क्लबानं घरपोच केलं."

"काका, गाव काय म्हणेल? पेन्शन आहे तुम्हाला."

"म्हनू द्या." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पर ताई, शब्द द्या. यासीन सोडून कुनाला सांगायचं न्हाई. अध्यक्षाला न्हाई, घरात छबुला बी न्हाई. एका तोंडातून निघालं की खाजामियाँच्या कानाला जायाला येळ लागत न्हाई."

मी शब्द दिला. घाईत दिला. परमेश्वररावांना सांगितलं, खाजामियाँनी नकार दिलाय, त्यांच्या जागी धोंडीरामकाकांचं नाव घ्या, घरात अडचण आहे. त्यांनी भुवया उंचावल्या, पण हो म्हणाले.

"धोंडीराम सटवा गर्जे, औषधोपचारासाठी," मी माईकवर वाचलं. माझाच आवाज मला नको झाला. मंडपात कुजबूज सुरू झाली. काका धोतराला हात पुसत पायऱ्या चढले. हात काही पुसले जात नव्हते. परमेश्वररावांनी पाकीट पुढे केलं. फोटोवाला ओरडला, "काका, हात जोडा, हात! अन् इकडं बघा."

काकांनी हात जोडले.

तेवढ्यात करपल्याचा वास आला. आगटीत कणसं तशीच राहिली होती. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून करपलेला तो पहिला घाणा. "करपलं, करपलं," म्हणत ते पायऱ्या उतरून पळाले. लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो फोटो गावभर मोबाईलवर फिरला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून त्यांच्या मुलाचा, अंगदचा फोन आला. "ताई, माझ्या बापाला काय कमी केलं होतं मी? सासरवाडीचे लोक फोन करून विचारतेत."

"काकांना विचार," मी म्हणाले.

"ते बोलत न्हाईत." त्याने फोन ठेवला, आणि त्यानंतर कितीतरी महिने तो गावी आला नाही. चौकातला चहावाला काकांचे पैसे घेईना. कोणी जुने सदरे आणून दिले. काकांनी तेही घेतले, नको म्हणायची सोय राहिली नव्हती. पेन्शन असून हात पसरला, असं पाठीमागे बोललं जायचं. दुकानात बसून मी ते ऐकायची आणि गोळ्या मोजायची.

एकदा काकांच्या पत्नी छबुबाई दुकानात आल्या. गुडघ्याला लावायचं मलम घेतलं, निघाल्या आणि दारातून परत फिरल्या.

"ह्यांनी मला काय सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर ते पाकीट घरात आलं न्हाई, एवढं मला ठाव हाय. बाया इचारतेत, तब्येत कशी हाय आता. मी म्हनते, बरी हाय."

मी मान खाली घातली. त्या मलम घेऊन निघून गेल्या.

अजमतबीच्या फेऱ्या मात्र चुकल्या नाहीत. मंगळवार-शुक्रवार यासीन तिला नगरला न्यायचा; गाडीभाडं तो त्या पाकिटातून, माझ्या दुकानातून घेऊन जायचा.

डिसेंबरच्या बैठकीत परमेश्वरराव म्हणाले, "यंदा हुरड्याला केटरिंगची पोरं लावू. धोंडीरामकाका आता लाभार्थी हायेत. मदत देऊन राबवून घेतो, असं दिसायला नको. त्यांना मानानं पुढं बसवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. मी उठून खरं सांगायला हवं होतं का, हे मी स्वतःला अजून विचारते. शब्द दिलेला होता हे खरं, पण मला भीतीही वाटली, हेही तितकंच खरं. बैठकीच्या वहीत मी ठराव लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

निरोप द्यायलाही मीच गेले. काका अंगणात गोवऱ्या रचत होते, मेळाव्यासाठी वर्षभर थापून घेतलेल्या. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गोवऱ्या तरी घिऊन जा. पोरं बाजारातल्या ओल्या आनतील. धूर हुतो."

या जानेवारीत ते पुढच्या सतरंजीवर बसले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, छातीला गुलाबी फीत. पहिल्या ताटाचा लिलाव झाला, ते एका ठेकेदाराने घेतलं आणि मित्रांत वाटून खाल्लं. काका आगटीकडे बघत होते. एका पोराने कणीस लवकर काढलं तेव्हा त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि परत मांडीवर आला.

तेवढ्यात काठी टेकत, यासीनचा हात धरून खाजामियाँ आले. तिकीट काढून आले होते. काकांच्या शेजारी सावकाश बसले.

"भाभी कशा हायेत?" काकांनी विचारलं.

"चालतंय. अल्लाची मेहेरबानी."

हुरड्याची ताटं आली. अर्धा कच्चा, अर्धा करपलेला, वर कोंडाच कोंडा. खाजामियाँच्या एका हाताने तो निवडला जाईना. काकांनी त्यांचं ताट ओढून घेतलं, एक मूठ तळहातांत चोळली, फुंकर मारली, परत चोळली. स्वच्छ हिरवे दाणे त्यांच्या उजव्या हातावर ठेवले.

खाजामियाँनी ती मूठ स्वतःच्या तोंडाकडे नेली नाही. काकांच्या तोंडापुढे धरली.

"पहिला घास भाजणाऱ्याचा."

"मी आता कुटं भाजतो?"

"मला समदं ठाऊक हाय, धोंडीराम. पोटचं पोर बापापासून कुठवर लपवंल?" त्यांनी मूठ आणखी पुढे केली. "खा बे."

काकांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला त्यांनी दोन्ही हात वर नेले.

स्टेजवरून माझ्या नावाचा पुकारा होत होता. यादी वाचायची वेळ झाली होती. मी तशीच उभी राहिले. इतक्या वर्षांत मेळाव्याच्या दिवशी धोंडीरामकाकांचे तळहात मी पहिल्यांदाच गोरे पाहत होते.